पुंगळी काढलेली गाडी

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. तृतीय वर्षाच्या वर्गात भारतीय साहित्यशास्त्राचा तास चालू होता आणि विषय होता आनंदवर्धनाचा ध्वनिसिद्धान्त. घंटेवर टोला पडतो, टोल्याचा आवाज संपतो, आणि मग मागे जे घुमत राहते ते अनुरणन. वाच्यार्थ संपल्यावर व्यंग्यार्थ असाच घुमत राहतो, हे आम्ही नेहमीच्या पद्धतीने, हातवारे करून सांगत होतो. नवव्या शतकातला काश्मीरचा हा आचार्य विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायचा म्हणजे घंटेचाच आधार. तेवढ्यात फाटकाकडून एक मोटारसायकल आली. आली म्हणण्यापेक्षा तिचा आवाज आला, खिडकीची तावदाने थरथरली, आणि स्टँडपाशी गाडी बंद होताना बंदुकीच्या बाराप्रमाणे दोन आवाज झाले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, ध्वनी आला." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्या दिवशी आनंदवर्धन पुढे सरकला नाही.

हे टिपण आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. जालना जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीच्या बाजूला, एका महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. दोघेही चाळिशी ओलांडलेले. मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लिहिण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो आम्हांलाही पडला होता. परंतु त्या जुलै महिन्यात आम्ही एका अर्जावर सह्या केल्या आणि त्या सह्यांचे पुढे जे झाले ते अजून मनातून जात नाही. म्हणून हा खटाटोप.

प्रथम शब्दाविषयी. ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर गळ्याला गुंडाळायचा, थंडीत, आणि गंमत अशी की तोच शब्द अधिक अचूक आहे, कारण हे यंत्र आवाज बंद करीत नाही, त्याला गुंडाळते. आमच्या विद्यार्थ्यांचा शब्द मात्र तिसराच: पुंगळी. सायलेन्सरच्या आतील छिद्रांची नळी म्हणजे पुंगळी; 'पुंगळी काढली' म्हणजे आवाज मोकळा केला. पुंगळी म्हणजे पोकळ नळी, कागदाची गुंडाळी. कानाला पुंगीच्या नात्यातला वाटणारा हा जुना मराठी शब्द लोखंडाच्या नळीला इतका चपखल बसला आहे की परिभाषा मंडळाला बसूनही सुचला नसता. बुलेटच्या बाबतीत तर बाहेरून मिळणाऱ्या सायलेन्सरांची एक नामावळीच पोरांच्या तोंडी आहे: पंजाब, इंदोरी, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन. घराण्यांची नावे सांगावीत तशी ती सांगितली जातात, आणि डोळे मिटून आवाजावरून घराणे ओळखणारे रसिकही आहेत.

आमच्या विद्यार्थ्याकडे मात्र बुलेट नव्हती. मामाकडून आलेली जुनी, कार्बोरेटरची, दीडशे सीसीची गाडी. त्याने बाजारातून काही आणले नाही, घरीच केले. कसे केले ते नंतर त्याने आम्हांला सांगितले, आणि आम्ही दोघे वर्गात कधी कोणी ऐकत नाही इतके लक्ष देऊन ऐकत राहिलो. सायलेन्सर बेंड पाईपपासून सोडवायचा, गॅस्केट जपून ठेवायचे. मागचे टोपण वेल्डिंगच्या रेषेवर ग्राइंडरने कापायचे. आत पत्र्याच्या भिंती असतात, एकामागे एक, आणि त्यांतून आडव्या गेलेल्या छिद्रांच्या नळ्या. एका कप्प्यातला धूर पुढच्या कप्प्यात सरळ जात नाही. पुढे जातो, मागे वळतो, पुन्हा पुढे येतो. या भिंती त्याने फोडल्या. कशाने? सळईने. जालना ही सळईची नगरी. देशभरचे भंगार येथील भट्ट्यांत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. तीच बांधकामावर उरलेली सळई आणि घण. मग टोपण पुन्हा वेल्डिंग करून बसवायचे, वरून काळा रंग मारायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते चालू केल्यावर.

त्या पत्र्याच्या भिंती काय करतात, हे आम्ही नंतर समजून घेतले. चार स्ट्रोकच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप उघडते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. वायू सुटतो तो धक्क्याने. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर असे पंधराशे धक्के, म्हणजे सेकंदाला पंचवीस. सायलेन्सर या धक्क्यांना पसरायला जागा देतो, भिंतींवर आपटवून मागे फिरवतो, आणि गेलेली लाट परत येणाऱ्या लाटेला भेटून दोन्ही दुबळ्या होतात. काहींत काचेच्या तंतूंचा थर असतो, तो उरलासुरला आवाज पितो. बुलेटसारखी गाडी उभ्याउभ्या मंद चालते तेव्हा हे धक्के सेकंदाला सातआठच असतात, म्हणून कान ते सुटे सुटे मोजू शकतो. त्या 'धकधक'ची भुरळ यातून आली. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने तर १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाजच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मागितला होता. विरोध झाला, वाद चालला, आणि २००० साली तिने अर्ज मागे घेतला.

पुंगळी काढल्याने गाडीला ताकद येते, हा समज सर्वदूर आहे. वस्तुस्थिती बहुधा उलटी निघते. कारखान्यातील सायलेन्सर, बेंड पाईप आणि कार्बोरेटर एकमेकांना जुळवून ठेवलेले असतात. एकच टोक मोकळे केले की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागते, इंजिन तापते, खालच्या वेगात ओढ कमी होते, आणि कार्बोरेटरचा जेट बदलावा लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचे मायलेज घसरले, हे त्यानेच कबूल केले. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर हा उद्योग अधिकच महाग पडतो, कारण तेथे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्याच नळकांड्याच्या वाटेवर बसविलेले असतात. आणि तो बंदुकीचा बार? चालत्या गाडीचे इंजिन क्षणभर बंद करून पुन्हा चालू केले की न जळालेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन भडकते. एवढेच.

आता थोडे मागे जाऊ. आमच्यापैकी एकाच्या घरी ऐंशीच्या दशकात राजदूत होती, दुसऱ्याच्या घरी लुना. दोन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे. त्या ऑइलची काजळी सायलेन्सरच्या जाळीवर साचे, गाडी गुदमरे, चढावर दम टाकी. मग एखाद्या रविवारी वडील अंगणात वर्तमानपत्र पसरून बसत, मागचा स्क्रू काढून जाळी बाहेर ओढत, रॉकेलमध्ये बुडवीत, जाळावर धरीत, तारेच्या ब्रशने खरवडीत. बाजाराच्या गावी स्कूटरचे अख्खे सायलेन्सर जाळून देणारे मेस्त्री होते. म्हणजे सायलेन्सर घरी उघडणे ही आजच्या पोरांनी काढलेली टूम नव्हे. आपल्या वडिलांच्या पिढीने ते निमूटपणे केले आहे. फरक एकच, आणि तो आम्हांला मोठा वाटतो: वडील जाळी परत बसवीत. पाच मिनिटे जाळीशिवाय गाडी चालू करून पाहिली जाई, सगळी गल्ली दारात येई, आणि आई आतून ओरडे. मग जाळी परत आत जाई.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आमच्यापैकी एकाच्या वडिलांचे, त्या राजदूतवाल्या वडिलांचे, दोन वर्षांपूर्वी हृदयाचे ऑपरेशन झाले. घर हमरस्त्यावर. रात्री साडेअकराच्या सुमारास तीनचार गाड्या बार काढीत जातात, आणि वडील अंथरुणात उठून बसतात. पुन्हा झोप लागत नाही. ते कधी तक्रार करीत नाहीत. "पोरं आहेत," एवढेच म्हणतात. पण अर्जावर सही करताना आमच्या मनात महाविद्यालयाची शांतता कमी आणि हे उठून बसणे अधिक होते. हे लपविण्यात अर्थ नाही.

कायदा अर्जदारांच्या बाजूचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व प्रदूषणाची मानके मोडणाऱ्या चालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि परवाना तीन महिने जातो. दीडशे सीसीच्या गाडीला चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा सरासरी ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. डेसिबलचे गणित आम्हां मराठीवाल्यांना फसवे वाटते, कारण दहाने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट. ७७ चे ९७ झाले म्हणजे वीसने वाढले नाही, ऊर्जा शंभरपट झाली. कानाला ती चौपट वाटते. पुणे, नागपूर अशा शहरांत जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. ते दृश्य आम्हांला कधी आवडले नाही. शिक्षा म्हणून ठीक. पण त्यात तमाशा फार आहे, आणि जो मुलगा तमाशासाठी आवाज करतो त्याला तमाशानेच उत्तर देणे म्हणजे त्याचीच भाषा मान्य करणे.

अर्ज गेला. एका सकाळी फाटकापाशी तपासणी झाली आणि पाच गाड्या गेल्या. त्यांत ही दीडशे सीसीची होती. पुढचे अकरा दिवस मुलगा वर्गात दिसला नाही. त्याच्या गावाहून कॉलेजच्या वेळेला पोहोचविणारे दुसरे काही नाही, हे आम्हांला माहीत होते. सही करताना आठवले नव्हते. त्या अकरा दिवसांत अंतर्गत परीक्षा होऊन गेली. दंडाची रक्कम घरी कापसाच्या फवारणीसाठी ठेवलेल्या पैशातून भरली गेली, हे त्याच्या मित्राकडून कळले.

स्टाफरूममध्ये या प्रकरणावर एक म्हण दिवसभर फिरत होती: उथळ पाण्याला खळखळाट फार. म्हण आम्हीही वापरली. परंतु शोपेनहाउअर आठवला आणि म्हण घशात अडकली. १८५१ च्या आपल्या ग्रंथात त्याने गोंगाटावर एक छोटा निबंध लिहिला आहे. गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांनी विचारवंतांच्या डोक्यातले विचार कसे ठार होतात, याचा त्याला इतका संताप की गाडीवानालाच खाली उतरवून फटके द्यावेत असे तो सुचवतो. निबंध खुमासदार आहे. पण वाचताना जाणवते की त्याच्या रागात कानाचा भाग अर्धाच. उरलेला अर्धा डोक्याने काम करणाऱ्याला हातांनी काम करणाऱ्याविषयी वाटणाऱ्या तुच्छतेचा. आमच्या म्हणीतही तेच होते काय?

कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांनी १९७७ साली 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' या पुस्तकात 'पवित्र गोंगाट' अशी एक कल्पना मांडली. मोठा आवाज करणे ही सत्ता नव्हे. मोठा आवाज करूनही ज्याला कोणी बोलत नाही, सत्ता त्याची. पूर्वी हा मान देवळा-चर्चच्या घंटेला होता, नंतर तो कारखान्याच्या भोंग्याकडे गेला. हा निकष आपल्या गावाला लावून पाहावा. कॉलेजच्या भिंतीला लागून मिरवणूक जाते, डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधडते, आणि त्या दिवशी आम्ही तास लवकर सोडून देतो. अर्ज करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिक्षेपकांविषयी सविस्तर निकाल दिला, हे आम्हांला ठाऊक असते. तरी नाही करीत. पुढाऱ्यांच्या ताफ्यांचे भोंगेही त्याच यादीत. आमची सही नेमकी त्या आवाजाविरुद्ध गेली ज्याच्या मागे कोणी उभे नव्हते.

एवढे म्हटल्यावर, मग आवाज चालू द्यावा असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. या प्रश्नावर पुरोगामी दिसण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'हा वंचित तरुणाचा उद्गार आहे' असे म्हणून मोकळे होणे, आणि तसे लिहिणारे मित्र आम्हांला आहेत. त्यांच्या खिडकीखालून ही गाडी जात नाही. अंथरुणात उठून बसणारे वडीलही कोणाच्या मागे उभे नसतात. मोटारसायकलचा जवळजवळ प्रत्येक भाग चालविणाऱ्यासाठी आहे: इंजिन, टाकी, सीट, ब्रेक. दिवे आणि आरसे इतरांच्याइतकेच त्याच्याही जिवासाठी. सायलेन्सर हा एक भाग असा की जो गाडीवर न बसलेल्या माणसासाठी बसवलेला आहे. ज्याच्या हाती घण आणि सळई होती त्याने नेमका तोच फोडला. उद्गाराची कितीही सहानुभूतीने चिकित्सा केली तरी हे उरतेच.

पण व्यंग्यार्थ शोधणे हा आमचा पेशा आहे, आणि तो आम्ही येथे का टाळला? आवाजाचा वाच्यार्थ 'बाजूला व्हा' एवढाच. व्यंग्य वेगळे: मी आलो आहे, माझ्याकडे पाहा. एकेकाळी हे काम बैलांच्या गळ्यातली घुंगूरमाळ करी. शिवारातून गाडी गावाकडे वळली की घरी बसल्या जागी कळे, बैल कोणाचे ते. तो आवाज ओळखीचा होता, आणि ओळखीच्या मागे जमीन, जोडी, घर असे. आमच्या विद्यार्थ्याच्या वयाच्या मुलाजवळ आज काय आहे? वाटण्या होत होत उरलेली कोरडवाहू जमीन, २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागेची घरातली आठवण, भरतीच्या जाहिरातीची वाट, आणि लग्नाच्या बाजारात शेतीवाल्या मुलाला लागलेली ओहोटी. घुंगूरमाळेचे गोडवे गाणाऱ्या ग्रामीण साहित्यावर आम्ही प्रश्नपत्रिका काढतो. ती माळ जिथे संपली तिथे हा फुटका सायलेन्सर सुरू होतो, हे आम्हांला वर्गाच्या खिडकीतून ऐकू येत असून लक्षात आले नाही.

मराठी समीक्षेने यंत्र शहराला देऊन टाकले, हा आमचा जुना आक्षेप आहे. मर्ढेकरांपासून यंत्र म्हणजे महानगर, यंत्र म्हणजे माणसाचे माणूसपण हरवणे, असे समीकरण आपण घट्ट करून ठेवले. कवितेपुरते ते खरेही असेल. परंतु मराठवाड्यातील गावात यंत्र म्हणजे विहिरीवरची मोटार, उसाचा ट्रॅक्टर, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात उघडलेला कार्बोरेटर. येथे माणूस यंत्राचा दात नसतो, त्याचा कारागीर असतो. जेट, बेंड, पुंगळी, गॅस्केट, पिकअप ही शब्दसंपत्ती आमच्या विद्यार्थ्यांकडे आहे, आणि ती त्यांच्या निबंधात कधी येत नाही, कारण निबंधात असले शब्द चालत नाहीत असे त्यांना कोणीतरी शिकवले आहे. कोणी, ते सांगायला नको. 'माझे आवडते वाहन' या विषयावर त्याच मुलाने पहिल्या वर्षी लिहिलेले दीड पान आम्ही शोधून काढले. त्यात 'प्रगतीचे साधन' होते, 'वेळेची बचत' होती. सळई नव्हती. आम्ही दहापैकी पाच गुण दिले होते.

असो. पुढचे थोडक्यात. प्राचार्यांशी बोलून अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली. त्यात फारसे मोठेपण नव्हते, नियमात तशी तरतूद होतीच. दोघांनी मिळून जुन्या बाजारातून त्याच गाडीचा कारखान्याचा सायलेन्सर आणला. मुलाने पैसे घेतले नाहीत. कापूस निघाल्यावर देतो म्हणाला, आणि दिवाळीनंतर त्याने खरोखरच दोन हप्त्यांत आणून दिले. बसविला त्यानेच, कॉलेजच्या मागे, लिंबाखाली, आम्ही पाने धरून उभे होतो. तेव्हाच त्याने तो सळईचा सगळा प्रकार सांगितला. आम्ही म्हटले, हे लिही. तो म्हणाला, "कशात सर? वहीत?"

मिरवणुकीच्या डीजेविषयीचा अर्ज आम्ही यंदा लिहिला आहे. सह्यांसाठी तो स्टाफरूममध्ये फिरत आहे; हे लिहीपर्यंत त्यावर तीन सह्या झाल्या आहेत, आमच्या दोन धरून.

परवा तो मुलगा फाटकापाशी भेटला. गाडी इतकी हळू आली की आम्हांला मागून आल्याचे कळले नाही. कसे चालले आहे म्हणून विचारले. मायलेज वाढले म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "एक झालं सर, गावच्या रस्त्यात म्हशी हालतच नाहीत आता. पहिले आवाज आला की आपोआप बाजूला व्हायच्या. आणि हॉर्न तर गाडीचा कधीचाच बंद आहे."